उणे तीनवरचं वजन

मित्रांनो, मी एक जुनी संख्यारेषा आहे. गणिताच्या वर्गात जमिनीवर पसरलेली लांबलचक फळी म्हणा हवं तर. सुतारकाकांनी माझ्यावर एकवीस चौकोन आखले, उणे दहापासून अधिक दहापर्यंत. मधल्या शून्यावर उभं राहायला कुणी तयार नसे. पोरांना वाटे, आपली किंमत गेली.

आमच्या बाईंची पद्धत न्यारी होती. एकवीस मुलं, एकेका आकड्यावर एकेक. बाई फळ्यावर असमानता लिहायच्या. ज्याचा आकडा उकल संचात बसेल त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी मुकाट उतरायचं. उणे संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, हे विसरणारी निम्मी पोरं भलत्याच बाजूला उभी असत. मला हसू आवरत नसे.

उणे तीनवर एक बारकी मुलगी उभी राही. सगळे तिला चिमणी म्हणत. ती कधी चुकली नाही. एका शुक्रवारी बाईंनी लिहिलं, −२क्ष ≤ ६. दोन्ही बाजूंना उणे दोनने भागायचं, चिन्ह उलटायचं, म्हणजे क्ष ≥ −३. खाली रेघ असल्यामुळे उणे तीनही संचात. पण बाई घाईत होत्या. त्यांनी मोठ्याने वाचताना 'लहान किंवा समान' ऐवजी नुसतं 'लहान' म्हटलं आणि चिमणीला उतरायला सांगितलं.

"बाई, चिन्हाखाली रेघ आहे," चिमणी हळूच म्हणाली.

"वाद घालू नकोस. तू संचात नाहीस. उतर."

ती उतरली. शनिवारी तिला ताप भरला आणि त्या तापातून ती उठलीच नाही. शुक्रवारीच फळा पुसताना बाईंना रेघ दिसली होती, पण त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. मला त्यांचा फार राग आला होता. अजूनही आहे.

सोमवारी वीस मुलं उभी राहिली. उणे तीन रिकामं होतं. तरी मला तिथे दोन बारीक पावलांचं वजन जाणवलं. उणे तीन संचात असेल तर ते थांबे, नसेल तर उतरे. शेजारची मुलं म्हणत, इथे लाकूड गार लागतं. अशी अकरा वर्षं गेली. मला वाळवी लागली. उद्या सुतारकाका माझे तुकडे करायला येणार आहेत, अगदी उणे तीनपासून, कारण तिथलं लाकूड पोखरलंय.

आज दुपारी वर्ग सुटल्यावर बाई एकट्याच आल्या. त्यांनी फळ्यावर तीच असमानता लिहिली, खाली ठसठशीत रेघ मारली. वजन आलं. लाकूड किंचित करकरलं, तसा बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू बरोबर होतीस. चूक माझी होती. आता उतरू नकोस."

मग बहुधा खात्री करायला त्यांनी लिहिलं, क्ष > −३. उणे तीन संचाबाहेर. इतकी वर्षं नियम पाळणारी चिमणी या वेळी हलली नाही. बाईंनी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. वजन जागेवरच. बाई रडत रडत निघून गेल्या.

मित्रांनो, कुणाला उतरवण्याआधी चिन्हाखाली रेघ आहे का, एकदा नीट बघत जा. आणि सकाळी करवत चालण्याआधी कुणीतरी बाईंना बोलावून आणा. चिमणी फक्त त्यांचंच ऐकते, आणि त्यांनी तिला उतरू नकोस म्हणून सांगितलंय.