तळातले शिसे

आता सांगायला हरकत नाही. पण त्या मंगळवारी अमरावतीच्या बसमध्ये मधल्याच थांब्यावर उतरून परत जावे, असे मला वाटत होते. शेजारी बायको, पार्बताबाई, ठेवणीतले लुगडे नेसून बसली होती. संग्रहालयात ठेवलेला आमचा तराजू तिला पाहायचा होता.

आम्ही माळी. चांदूर बाजारात चाळीस वर्षे भाजी विकली. मी पिकवून आणायचो, तोलायचे काम तिचे. विजेचे काटे आल्यावर जुना तराजू आणि लोखंडी वजने घरात नुसती पडून होती. आमच्या नितेशने ती मला न विचारता संग्रहालयाला देऊन टाकली आणि वर माझे नाव लिहायला सांगितले. त्यातले किलोचे वजन खोटे आहे, हे पोराला काय माहीत.

लोखंडी वजनाच्या तळाशी एक भोक असते. त्यात शिसे भरून वर सरकारी शिक्का मारतात. एका वर्षी शेजारचा भाजीवाला माझ्यापेक्षा स्वस्त देऊ लागला, तेव्हा मी खिळ्याने ते शिसे उकरून काढले आणि भोकात डांबर कोंबले. पुढच्या वर्षी वांगी चांगली आली, तरी वजन बदलले नाही. ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, घरात तर नाहीच.

संग्रहालय इंग्रजांच्या वेळच्या दगडी कचेरीत आहे. खाली जुन्या वस्तू, माडीवर चित्रांचे दालन. जाड भिंतींमुळे आत गार होते, तरी माझी टोपी घामाने भिजली. तिसऱ्या कपाटात आमचा तराजू टांगलेला होता, खाली वजने ओळीने मांडलेली. कार्डावर लिहिले होते, ‘पुंजाराम होले, चांदूर बाजार यांच्याकडून’. मी ते दोनदा वाचले. वजनांचे तळ खाली होते आणि कपाटाला कुलूप होते. निभावले, असे वाटले.

तेवढ्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या वर्षाली मॅडम आल्या. वस्तू देणारे आम्हीच, हे कळल्यावर त्यांनी खुर्च्या मागवल्या. पार्बताबाईने तराजू हातात घेऊन पाहायचा म्हटले, तर कुलूपही काढले. मग किलोचे वजन उचलून त्यांनी उलटे केले आणि साध्या आवाजात सांगितले की याच्या तळातले शिसे काढलेले आहे, तोलून पाहिले तर सत्तावीस ग्रॅम कमी भरले.

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“मले मालूम हाय,” पार्बताबाई म्हणाली. “यायनंच काढलं.”

कधी कळले म्हणून मी विचारले. त्याच आठवड्यात, ती म्हणाली. हाताला हलके लागले, म्हणून पलीकडे बसणाऱ्या जमुनाच्या वजनासमोर पारड्यात ठेवून पाहिले होते.

“मंग बोलली काहून नाही?”

“बोलली असती तं तुमी काटा माह्या हातून काढून घेतला असता. मी आपली तोलून झालं का वरून दोन वांगे टाको. तुमी बोंबलत जा, धंदा बुडवते म्हणून.”

बोंबललो होतो खरा. कितीतरी वर्षे. मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. मलाही हसू आले, आणि हसता हसता जाणवले की छातीवरचा धोंडा उतरला आहे. वजन खोटे होते, पण आमच्या दुकानातून कोणी कमी घेऊन गेले नव्हते.

मॅडमनी विचारले, की हे कार्डावर लिहिले तर चालेल का, नको असेल तर राहू द्या. पार्बताबाई माझ्याकडे पाहत होती.

“लिहा,” मी म्हणालो. “मी शिसं काढलं थे लिहा. वांगेई लिहा. अन् नाव तिचं पहिले.”

मग आम्ही माडीवर चित्रे पाहायला गेलो. एका चित्रात आठवडी बाजार होता. त्यातली वांगी जून आहेत, कोणी घेणार नाही, असे ती म्हणाली. मी मात्र प्रत्येक चित्रासमोर उभा राहिलो. तीनची बस गेली, तरी आम्ही निघालो नाही.