खालच्या कप्प्यातलं पाणी

डेन्झिलने जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यातलं पाणी सगळ्यांच्या देखत जमिनीवर ओतलं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कोळशाच्या खाणीवर याचा अर्थ एकच. मी आज खाली उतरत नाही, तुम्हीही उतरू नका. बिनपाण्याचं खाणीत कुणी जात नाही.

पण कुणी हललं नाही.

"झालं? आता घरी जाऊन भांडी घास," मागून कुणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये हेच सगळे मान खाली घालून बसले होते. डॉक्टरांनी मेलेल्या खाणकामगाराच्या फुप्फुसाचा वाळका तुकडा बोटांनी चुरला होता, टेबलावर काळी भुकटी पडली होती. कोळशाच्या धुळीचा हा दमा खाणीचा आजार आहे, त्याची भरपाई मिळायला हवी, असा कायदा होईपर्यंत काम बंद, असं ठरलंही होतं. आता सगळे डेन्झिलच्या सासऱ्याकडे बघत होते. हार्लिस सगळ्यांत जुना. त्याने पाणी ओतलं तरच बाकीचे ओतणार.

हार्लिसची पेन्शन उन्हाळ्यात सुरू होणार होती. त्याआधी काढून टाकलं तर हातात काहीच नाही.

"बाबा..." डेन्झिल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"मला शिकवू नको. माझी छाती ठणठणीत आहे. आणि तुझ्या बायकोला सांग, बापाच्या नावाने संपाची पत्रकं वाटत फिरू नको म्हणावं."

"चला रे, खाली जायची गाडी लागली!" मुकादम ओरडला. "म्हाताऱ्याला जागा द्या."

हार्लिस तरातरा निघाला. चढावर चार पावलं गेला आणि ठसका लागला. कठडा धरून वाकला. ठसका थांबेचना. तोंड फिरवून तो बर्फावर थुंकला.

डेन्झिलचा हात आपल्या डब्याकडे गेला. रिकामा.

"तुमचं पाणी प्या, बाबा. आधी प्या."

हार्लिसने डबा उघडला. वरचा जेवणाचा कप्पा काढून जावयाच्या हातात दिला. डबा ओठापर्यंत नेला. सगळे बघत होते. त्याची नजर मात्र बर्फावरच्या त्या काळ्या डागावर होती.

मग त्याने डबा उलटा केला.

मागे झाकणं उघडायला लागली. एक, मग दोन, मग सगळीच. पाणी पडत राहिलं. मुकादम काहीतरी ओरडत होता, कुणी ऐकत नव्हतं.

हार्लिसचा ठसका अजून थांबला नव्हता. डेन्झिल याच्याकडून त्याच्याकडे पळत सुटला. घोटभर पाणी कुणाकडेच उरलं नव्हतं.