काडेपेटीची चिठ्ठी

शाळेचं ध्येय लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं, ते त्यांचं अक्षर चांगलं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. तीस वर्षं भाषा शिकवली की निरोपाची भाषणं आणि आभाराची पत्रं आपोआप वाट्याला येतात. आता हे नवीन. 'आमच्या ख्रिस्ती शाळेचं ध्येय आणि उद्देश', एक पान, दुपारी तीनच्या आत.

तीनला शिक्षकांची बैठक होती. आधी ते पान वाचायचं आणि मग सहावीतल्या एका मुलीच्या दाखल्यावर सह्या करायच्या. दाखला हातात देणं म्हणजे पोरीला शाळेतून काढणं, कितीही गोड बोला. वर्गशिक्षिका म्हणून पहिली सही बाईंची होती.

पोरीला सगळे काडेपेटी म्हणायचे. आईवडील नाहीत, मावशीकडे राहायची. जरा घासलं की पेटायची. या वर्षात दोन काचा फोडल्या, एकीच्या हाताला कडकडून चावली, आणि गेल्या आठवड्यात तर भर प्रार्थनेत ओरडली, "इथे कोणी ऐकत नाहीये!" तिच्यापायी बाईंच्या नाकी नऊ आले होते. गुडघे दुखत होते, तपासायच्या वह्यांचा ढीग कपाटाबाहेर आला होता, आणि खरं सांगायचं तर तीन कधी वाजतात असं त्यांना सकाळीच झालं होतं.

या शाळेची एक जुनी रीत होती. शिक्षकांच्या खोलीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी. रोज सकाळी प्रत्येक शिक्षकाने एक चिठ्ठी काढायची, त्या मुलासाठी मनातल्या मनात प्रार्थना करायची, दिवसभरात कधीतरी त्याच्याजवळ पाच मिनिटं बसायचं, कसा आहेस विचारायचं. मग चिठ्ठीच्या मागे सही करून ती डब्यात परत. मुलांनाही हे ठाऊक होतं. ज्याची चिठ्ठी निघे तो दिवसभर भाव खाई.

त्या सकाळी बाईंनी डब्यात हात घातला आणि निघाली कोण? काडेपेटी! बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. गणिताचे सर चष्मा पुसत होते, खेळाचे सर बुटाची नाडी बांधत होते. बाईंनी चिठ्ठी गुपचूप परत टाकली आणि दुसरी उचलली. देवा, आजचा दिवस तरी नको रे. तशी काल-परवाही नको होती म्हणा. या वर्षात असं करायची ही तिसरी खेप होती.

दुपारच्या मोकळ्या तासाला बाई पान लिहायला बसल्या. हात सवयीने चालला. 'या शाळेत प्रत्येक लेकरू देवाचं आहे. आम्ही प्रत्येकाला नावाने ओळखतो.' वाक्य झोकात उतरलं होतं. बाईंनी ते पुन्हा वाचलं आणि त्यांना जांभई आली.

बैठकीला जाताना शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर काडेपेटी दिसली, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मावशी कामावरून सुटून यायची होती. बाई तिच्याकडे न पाहता आत गेल्या.

"आधी दाखल्याचं उरकू," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्याही थकलेल्याच होत्या. "बाई, डब्यातून तिची चिठ्ठी तेवढी काढून घ्या. उगाच उद्या कोणाच्या हातात यायला नको."

बाईंनी डबा टेबलावर पालथा केला. चिठ्ठी शोधायला वेळ लागला नाही. सगळ्यांत मऊ तीच होती, कडा झिजलेल्या, घड्या चुरगळलेल्या. हाताळून हाताळून तिचं पार फडकं झालं होतं. बाईंनी ती उलटून पाहिली. मागे एकही सही नव्हती.

त्यांनी शेजारची चिठ्ठी उलटली. चार सह्या. तिच्या शेजारची, पाच.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

बाईंना लाज वाटली, आणि ती लपवायचं त्राणही उरलं नव्हतं. "ही माझ्या हाती तीनदा आली. तिन्ही वेळा मी परत टाकली," त्या म्हणाल्या. "पण तीनदा हात लागून कागद एवढा झिजत नाही."

गणिताच्या सरांनी चष्मा काढला. "दोनदा," ते म्हणाले. "दोनदा आली मला." खेळाचे सर मान खाली घालून म्हणाले, "मी मोजलं नाही." मोठ्या बाईंनी दाखल्याचा कागद जवळ ओढला, वाचल्यासारखं केलं. "मागच्या सोमवारी मलाही आली होती," त्या म्हणाल्या.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मी सही करणार नाही."

"बाई, उद्या तिने पुन्हा काच फोडली तर?"

"फोडेल. ती काय लगेच शहाणी होणार आहे? पण आधी निदान एक सही या चिठ्ठीवर होऊ दे, मग दाखल्याचं बघू."

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं आणि कागद खणात टाकला. "बरं. आणि ते ध्येयाचं पान?"

"ते आज होत नाही," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

काडेपेटी अजून बाकावरच होती. बाई शेजारी बसल्या. पोरीने दप्तर घट्ट धरलं.

"दाखला आणलात?"

"नाही गं. तुझी चिठ्ठी निघालीय."

"खोटं. माझी कधीच निघत नाही." ती समोर बघत होती. "वर्गात सगळ्यांची निघाली. काहींची चारदा. माझी तुम्ही टाकलीच नव्हती ना डब्यात?"

बाईंनी चिठ्ठी तिच्या हातात दिली. "होती. निघतही होती. आम्हीच परत टाकत होतो. मीसुद्धा. चुकलं माझं."

पोरीने चिठ्ठी उलगडली, आपलं नाव वाचलं, मागची कोरी बाजू पाहिली. आता भडकणार, अशी तयारी ठेवून बाई बसल्या. पण ती भडकली नाही. तिने दप्तर खाली ठेवलं.

"बाकीच्यांना काय विचारता?"

"विशेष काही नाही. कशी आहेस, एवढंच."

"मग मला पण विचारा ना."

बाईंनी विचारलं.