सुईत पाणी नव्हतं

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या पोटात कधीही पाणी भरलं गेलं नाही. मित्रांनो, हे एवढ्या ठासून सांगायला कारण आहे. एके काळी साऱ्या मालवण बाजारात माझ्यावर हाच आळ आला होता.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. माझ्या काचेवर निळ्या बारीक रेघा आहेत आणि दट्ट्या असा चपखल बसतो की हवेचा बुडबुडाही चुकून आत राहत नाही. १९५७ साली सत्यवान डॉक्टरांनी मला विकत घेतलं. ते मूळचे मिठबावचे. मुंबईत दातांचं शिक्षण घेऊन त्यांनी मालवणात दवाखाना थाटला. रोज सकाळी स्पिरिटच्या स्टोव्हवर मला उकळायचे, मग फडक्यावर निजवायचे. मोठा मान होता हो माझा! दाढ काढण्याआधी हिरडीत औषध सोडायचं आणि दुखणं गप्प करायचं, हे माझं काम. ते मी चोख करत असे.

डॉक्टरांची मात्र एक खोड होती. घरी ते आईशी मालवणीत बोलायचे, पण पांढरा कोट अंगात चढला की जिभेवर पुस्तकी मराठी चढायची. “आपणांस वेदना कधीपासून आहेत?” असं ते कोळणींना विचारायचे. बायका बिचाऱ्या अर्धं समजून, अर्धं न समजून मान डोलवायच्या. साहेबाला “कळलं नाही” कसं म्हणायचं?

अशातच यमुनाबाई आली. ती मासळी विकणारी. तिची हाक बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायची. तिची खालची दाढ महिनाभर दुखत होती. सुरमईचा मोसम सोडून कोण दवाखान्यात येतो? तिने दाढेत लवंग दाबली, तंबाखू दाबली, आणि गाल सुजला तेव्हा आमच्या दारात उभी राहिली.

डॉक्टरांनी मला भरलं आणि हिरडीत टोचलं. मला आत शिरताच कळलं की इथे काही खरं नाही. हिरडीत पू साठला होता. अशा जागी औषधाची ताकदच मरते, ते नसेपर्यंत पोचत नाही. शिवाय खालच्या दाढेची नस जबड्यात पार मागे दडलेली असते, कुणाची थोडी वर, कुणाची थोडी खाली. माझं टोक जरा चुकलं की गाल झोपतो आणि दाढ जागीच राहते. पण मी बोलणार कशी? बोलायचं होतं यमुनाबाईने.

“बधिर झालं का?” डॉक्टरांनी विचारलं.

यमुनाबाईचे डोळे एवढे मोठे झाले. तिने मान हलवली, नाही.

“मग आणखी एक इंजेक्शन देऊ या.”

“नको, नको! झाला, झाला! बधिर झाला!” ती घाईघाईने म्हणाली.

डॉक्टरांनी विश्वास ठेवला आणि पकड लावली. “आये गोऽऽ!” अशी किंकाळी उठली की बाहेरचे लोक धावत आले. यमुनाबाई खुर्चीतून उठली आणि दाढेसकट पळाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने बाजारात सांगायला सुरुवात केली, “त्या डाक्टराच्या सुयेत पाणी भरतत, पाणी!” झालं! पाच दिवस एकही कोळीण आमची पायरी चढली नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू! पण राग फार दिवस टिकला नाही.

सहाव्या दिवशी तिचा नवरा काशीराम तिला हाताला धरून घेऊन आला. तिला ओळखणं कठीण होतं. सूज जबड्याखाली उतरली होती, अंगात ताप होता, तोंड बोटभरही उघडत नव्हतं.

“तीन दिस झाले, पेज पण गिळूक येणा नाय,” काशीराम म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सूज गळ्याकडे गेली तर श्वास अडकेल, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याच दिवशी पू काढला आणि पाच दिवस पेनिसिलिन दिलं. ते काम दुसऱ्या सिरिंजचं. मी डबीत पडून होते आणि मला एकच धास्ती होती, ही बाई वाचते की नाही.

पाचव्या दिवशी ताप गेला, सूज बसली, तोंड उघडलं. डॉक्टरांनी मला हातात घेतलं. मला पाहताच यमुनाबाईने हात जोडले आणि ती रडू लागली.

“डाक्टरानूं, दाढ ऱ्हवली तरी चलात, पण माका भयरी करू नकात! गिरायक काय बोलता ता आयकाक येवचा नाय, तर मी बाजारात बसू कशी?”

“भयरी? कोणी सांगल्यान तुका?” डॉक्टरांच्या तोंडून नकळत मालवणी निघाली.

“माझ्या लेकीन, प्रेमलतान. तिच्या शाळेच्या पुस्तकात आसा, बधिर म्हणजे भयरो. तुमीच इचारल्यात, बधिर झाला काय? नाय म्हटलंय तर आणि एक सुय देवक लागलात. म्हणान झाला म्हटलंय!”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग ते स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

“काकी, चूक माझी. कानाक काय एक होवचा नाय. खालचो ओठ जड झालो, मुंग्यो इल्यो, की सांग. नाय झालो तर नाय म्हण. आपण थांबाया.”

यावेळी हिरडी शांत होती. मी पार मागे, नसेपाशी औषध सोडलं. पाच मिनिटं गेली. “नाय,” यमुनाबाई म्हणाली. डॉक्टर थांबले. दहा मिनिटं झाली आणि तिने गालाला हात लावला.

“डाक्टरानूं, माझो ओठ खंय गेलो?”

डॉक्टर हसले आणि त्यांनी पकड उचलली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “काढतलास कधी?”

“काढलंय,” डॉक्टर म्हणाले आणि दाढ तिच्या तळहातावर ठेवली.

बाजारात पुन्हा तिचा आवाज घुमला. माझ्यावरचा आळ तिनेच पुसला, तोही तितक्याच मोठ्याने! पुढची कितीतरी वर्षं मी मालवणकरांची दुखणी गप्प केली. आता १९६९ साल आहे. डॉक्टरांकडे धातूची नवी सिरिंज आली आहे आणि मी कपाटात असते. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण माझी काच अजून तडकलेली नाही.

मित्रांनो, दुखणं अंगावर काढू नका. पू होईपर्यंत थांबलात तर माझ्यासारखी पटाईत सिरिंजसुद्धा हात टेकते. आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर सरळ विचारा. भीतीने किंवा आदराने “हो” म्हणू नका. काय दुखतं ते मला दिसत नाही, डॉक्टरांनाही दिसत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत असतं.