एकतिसाव्या खोलीपर्यंत

मी एक जुना कंट्रोलर आहे, मित्रांनो. गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. दोन कांड्या, मूठभर बटणं आणि पोटात थरथरणारी एक इवलीशी मोटर, एवढाच माझा संसार. डाव्या कांडीचं रबर पार झिजलंय. कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच पट्ट्यावरून गेले. त्यांचं पुढे काय झालं कोण जाणे. मी एका बहीणभावाच्या दोन खोल्यांच्या घरात आलो.

दादा चित्रं काढायचा आणि धाकटी त्यांना चालतं-बोलतं करायची. दोघं मिळून एक गेम बनवत होती. एक मुलगी कंदील घेऊन ओसाड घरात शिरते आणि एकेक खोली उजळत जाते. खोल्या एकतीस. शेवटची खोली रंगवायला दादाला आठ महिने लागले. मोठी कंपनी नाही, पाठीशी कुणी नाही, पण दोघांनी जीव ओतला होता हो. तशात डॉक्टरांनी सांगितलं की दादाची नजर हळूहळू जाणार, फार तर दीड वर्ष. दादा त्यावर एकच म्हणाला होता, "कुणीतरी अनोळखी माणूस शेवटच्या खोलीत पोहोचेल ना, तेव्हाचा त्याचा चेहरा मला बघायचाय."

धाकटीने कंबर कसली. छोटी जाहिरात-चित्रफीत केली. गेम खेळून दाखवणाऱ्या व्हिडिओवाल्यांना शेकडो पत्रं पाठवली. उत्तरं आली दोन, तीही नकाराची. मग गेमच्या मेळ्यात तिने एक टेबल घेतलं आणि मला तिथे मांडलं.

तीन दिवस मी हातोहाती फिरलो. घामेजलेले हात, थंडगार हात, चिवड्याने तेलकट झालेले हात, सगळे सोसले. आणि हात खोटं बोलत नाहीत, मित्रांनो. गेममधल्या पहिल्या खोलीतून पुढे जायचं दार एका पडद्यामागे होतं. तिथे आलं की प्रत्येकाचा अंगठा घुटमळायचा, माझी कांडी उगाच गोल फिरायची. लगेच धाकटी मागून वाकून सांगायची, तो पडदा ओढा, हं, आता डावीकडे. एका माणसाला वेळ मिळणार वीस मिनिटं, आणि दादा समोर उभा राहून चेहरे न्याहाळतोय. दोन-चार सुंदर खोल्या तरी लोकांनी पाहाव्यात, एवढाच तिचा हेतू. लोक उठताना म्हणायचे, छान आहे. दादाचा चेहरा खुलायचा.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई आपला गेम घेऊन बसायच्या. खेळणारा अडला तरी त्या मूग गिळून बसत आणि वहीत काहीतरी टिपत. दुसऱ्या दिवशी न राहवून त्या धाकटीला म्हणाल्या, "अगं, त्यांच्या घरी तू नसणार आहेस. अडखळू दे की त्यांना." धाकटीला ते झोंबलं. आपल्याकडे रांग आहे म्हणून बाई आपल्याला पाण्यात पाहतात, असं तिने मनाशी धरलं. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठलं?

गेम ऑनलाइन दुकानात आला. मेळ्यातल्या ओळखीवर पहिल्या दिवशी चारशे जणांनी घेतला. संध्याकाळपर्यंत तक्रारी सुरू झाल्या. पहिल्या खोलीतून बाहेरच पडता येत नाही. गेम अर्धाच बनवलाय का? लोकांनी भराभर तो परत केला. चारशेतले एकोणीस दुसऱ्या खोलीत पोहोचले होते, एकतिसाव्या खोलीत कुणीच नाही. धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडली. "मीच घात केला रे दादा," एवढंच तिला बोलता आलं.

तीन दिवसांत तिने पडद्यामागून उजेडाची तिरीप आणली. सगळ्यांना पत्रं धाडली, माफी मागितली. पण एकदा पाठ फिरवलेला माणूस वळून बघत नाही. दुकानाच्या यादीत गेम पार तळाशी गेला. दादा रोज विचारायचा, पोहोचलं का कुणी? धाकटी मान हलवायची. पुढे पुढे मान हलवलेली त्याला दिसेना, तेव्हा ती तोंडाने नाही म्हणू लागली.

एका दुपारी वॉशिंग मशीन दुरुस्त करायला मेकॅनिक आला. काम उरकल्यावर धाकटीने त्याच्या हातात मला दिलं आणि जरा खेळून बघता का म्हणून विनवलं. मग ती कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली. तो चुकला, वैतागला, त्याच त्या भिंतीला तीनदा धडकला. ती हूं की चूं करेना. त्याला तिरीप दिसली. पुढची दारं त्याची त्याने उघडली. अडीच तासांनी तो शेवटच्या खोलीत पोहोचला आणि त्याचे अंगठे माझ्यावरच थांबले. कितीतरी वेळ त्याने एकही बटण दाबलं नाही.

दादा खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ आला. समोर त्याला नुसता धुरकट ठिपका होता.

"पोहोचला ना? आता तरी बोल गं. कसा दिसतोय त्याचा चेहरा?"



मित्रांनो, आता मी खणात पडून असतो. माझी झीज मनावर घेऊ नका, मी वस्तूच आहे. पण कुणी आपलं काम तुमच्या हातात दिलं आणि तुम्हाला वाट सापडली नाही, तर छान आहे म्हणून उठून जाऊ नका. सापडली नाही, असं तिथल्या तिथे सांगा. त्या मेळ्यात एकाने जरी सांगितलं असतं, तर दादाला तो चेहरा बघता आला असता. तेव्हा त्याला दिसत होतं.