लाडावलेला आस्कंद

उजनीच्या बॅकवॉटरला ज्यांचं रान, त्यांना दोन गोष्टी बघवत नाहीत. एक, शेजाऱ्याचा उंच ऊस. दुसरी, स्वतःची बंद मोटर. आमचे मालक मानसिंग या दोन्ही दुखण्यांत गावात पहिले.

त्यांच्याकडून मी एक एकर मागून घेतला होता. अट त्यांचीच. "आस्कंदाचा माल पास झाला, तर ह्यो एकर कायमचा तुजा. काय बी लाव. नापास झाला, तर पुन्हा ऊस आन् तोंड उघडायचं न्हाय." लग्नाला सोळा वर्षं झाली, पण रानात काय लावायचं हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

आस्कंद म्हणजे अश्वगंधा. शहरातल्या दुकानात डबीवर 'भारतीय जिन्सेंग' असं छापलं की हीच बाई पैठणी नेसून बसते. बी माझ्या माहेरचं, सांगोल्याकडच्या माळावरचं. माझ्या आईनं, केराबाईनं, अर्धं मला दिलं आणि अर्धं माझ्या भावाच्या, सिद्धरामच्या, खडकाळ रानात टाकलं. फोनवर एवढंच बजावलं, "पाणी दिऊ नगंस. उपाशी ठेव."

उपाशी! ते ऐकून मालकांना गहिवरून आलं. बायको तापानं फणफणली तरी "गोळी घे की" म्हणणारा हा माणूस, चार पानं मलूल दिसली की ताटावरून उठून स्टार्टरकडं धावायचा. मी ठिबकची तोटी बंद करायची, यांनी उघडायची. वर युरिया. मी भांडले, रडले. "जित्या जिवाला तान्हेलं ठेवू? आमच्या घराण्याची ही रीत न्हाय," म्हणे.

जानेवारीत खणलं तर मुळं गाजरासारखी जाड. मालकांनी एक हातात धरून फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आधुनिक शेती'. मी एक मूळ मोडून हुंगलं. आस्कंदाला घोड्यासारखा उग्र वास येतो. याला नुसत्या ओल्या मातीचा येत होता.

नमुने सोलापुरात औषधांच्या कारखान्यात तपासायला दिले. निकालाच्या दिवशी आम्ही गेलो, तर सिद्धरामही आईला घेऊन टेम्पोनं आलेला. त्याची मुळं करंगळीएवढी, वाकडी, सुरकुतलेली. मालकांना हसू आवरेना. "मेव्हणं, जळण आणलंय व्हय?"

तपासणी करणाऱ्या प्रतिक्षा मॅडम बाहेर आल्या. सिद्धरामचा माल पास. आमचा नापास, औषधी अंश निम्माही नाही.

मालक उसळले. "बियाणंच खोटं! सासुरवाडीचं बी, दुसरं काय हुनार?" चोराच्या उलट्या बोंबा!

"मग यांचं बी कुठलं?" मॅडमनी सिद्धरामकडं बघत विचारलं.

"त्येच की. येकाच गाडग्यातलं," आई म्हणाली.

"तुम्ही पाणी किती दिलं, दादा?"

मालकांची छाती फुगली. "हयगय न्हाय केली! पान सुकू दिलं न्हाय. वर खत लई टाकलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, रान कोरडं पडलं की हे झाड जीव वाचवायला मुळात कडू द्रव्यं साठवतं. तेच औषध. बी चांगलंच आहे, पण तुम्ही त्याला तशी गरजच पडू दिली नाही. वजन वाढलं, गुण वाढला नाही."

एवढं ऐकून मालकांना काय उमगलं? "म्हंजे नापासच न्हवं? मग ठरल्यापरमाणं ऊस." आणि मिशीवरून बोट फिरवलं. पीक बुडवलं यांनी आणि पैजही जिंकली यांनीच. मला इतका राग आला की मी चक्क हसले.

"लावा ऊस," मी म्हटलं. "आई, आपला वरचा माळ पडूनच हाय न्हवं? यंदा मी करते. तितंच राहून."

"कर की अक्का, तुजा बी हिस्सा हायच," सिद्धराम म्हणाला.

मी टेम्पोत जाऊन बसले. मालक मागून धावत आले, कपाळावर घाम, डोळ्यांत काळजी. आता तरी चुकलं म्हणतील, असं वाटून माझा जीव हलला. खोटं कशाला बोलू? मी काच खाली केली.

"अगं पूनम," ते धापा टाकत म्हणाले, "त्या माळाला पाइपलाइन कुटनं आणायची?"

मी काच वर केली.