तीस टक्क्यांवरची पेन्सिल

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने मॉनिटरच्या पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपझप हलवली. एकच धुरकट पट्टा दिसायला हवा होता. दिसल्या सुट्या सुट्या सात पेन्सिली.

ही युक्ती डोळ्यांच्या डॉक्टरांची. "डोळे ठणठणीत आहेत तुमचे, पडदा तपासा," असं ते म्हणाले होते. काही मॉनिटर प्रकाश कमी केला की मंद होत नाहीत. नजरेला कळणार नाही इतक्या वेगाने विझत-पेटत राहतात. पूर्ण प्रकाशावर मात्र अखंड जळतात. ती तर तीस टक्क्यांवर काम करायची.

पंपाच्या एका कारखान्यासाठी ती घरी बसून सुट्या भागांची ड्रॉइंग करून द्यायची. नवा मॉनिटर आल्यापासून तासाभरात कपाळ ठणकायला लागे, आणि दोन महिन्यांत तीन मापं चुकली होती. कारखान्याच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, शुक्रवारचं ड्रॉइंग चुकलं तर काम दुसरीकडे जाईल.

मॉनिटर धाकट्या दिराच्या दुकानातला. इंच, रेझोल्यूशन, रंग, सगळं त्यानेच समजावलं होतं. प्रकाश लुकलुकत नाही म्हणून खोक्यावर 'फ्लिकर-फ्री' छापलंय, हेही त्यानेच बोट ठेवून दाखवलं होतं.

"तुला घरच्या माणसातही काळंबेरं दिसतं," नवरा म्हणाला.

"मला सात पेन्सिली दिसतात." तिने पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि निघाली.

दुकानात आठ मॉनिटर ओळीने झगमगत होते. तिने एकेकासमोर पेन्सिल हलवली. सगळीकडे गुळगुळीत पट्टा.

"ऑर्केस्ट्रा कुठाय, वहिनी?" दीर हसला.

"भावजी, हे सगळे शंभर टक्क्यांवर ठेवलेत ना? माझ्यासारखाच कुठला?"

"तिसरा. पण डिस्प्लेचं सेटिंग बदलायचं नसतं हो. अंधारात गिऱ्हाईक काय बघणार?"

"मी कुठे गिऱ्हाईक आहे?"

तो जागचा हलला नाही. तिनेच चौकटीखाली चाचपडून बटण शोधलं, प्रकाश तीसवर आणला आणि पेन्सिल हलवली. पट्टा तसाच गुळगुळीत राहिला. मॉडेल तेच, नंबरही तोच.

"बघा, मॉनिटर चांगलाच आहे," दीर म्हणाला.

"हा चांगला आहे. मग मला हाच द्या."

"डिस्प्लेचा पीस देता येत नाही. कंपनीला विचारतो. कधी कधी एकाच नंबराखाली आतलं पॅनल बदलतात ते लोक." त्याने काउंटरवरचं बिलबुक सरळ केलं. ते आधीपासून सरळच होतं.

पॅनलचं त्याला आत्ता सुचलं, की मॉनिटर विकताना ठाऊक होतं? रस्ताभर तिला उलगडा झाला नाही.

तीन दिवस तिने पडदा शंभर टक्क्यांवर ठेवून नवऱ्याच्या काळ्या चष्म्यातून काम केलं. "वेल्डिंगचं कंत्राट घेतलंस का?" त्याने विचारलं. तिने मान वर केली नाही. डोकं दुखलं नाही, पण काळ्या काचांतून बारीक आकडे पुसट दिसत होते. प्रत्येक माप तिने कागदावर छापून दोनदा ताडून पाहिलं. शुक्रवारी पाच चाळीसला ड्रॉइंग गेलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला धाकट्या जावेचा फोन आला. कुकरची शिट्टी परत करायची राहिली होती. बोलता बोलता म्हणाली, "अहो ताई, ह्यांनी मंगळवारी रात्री नवा मॉनिटर आणलाय घरी. दुकानात मांडलेलाच. आधीचा तुमच्यासारखाच होता, त्याच्यासमोर डोकं दुखायचं ना ह्यांचं, थांबलं बघा."

"केव्हापासून दुखायचं?"

"झाले की चार-पाच महिने."

तिने लगेच दिराला फोन लावला.

"तुमच्यासाठीच बाजूला काढलाय, वहिनी. चार दिवस वापरून बघतोय, उद्या आणून देतो."

"तुमचं डोकं दुखायचं, हे मला कसं नाही सांगितलंत, भावजी?"

"गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलतो."

तिने घड्याळ पाहिलं. नऊ सदतीस. दुकान दहाला उघडतं.

सोमवारी दुपारी दोनपर्यंत मॉनिटर आलेला नव्हता. कारखान्याचं उत्तरही नव्हतं.